वाळ्याला पाजलेलं पाणी

कार्ड आलं तेव्हा मी दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारत होते. चैत्र नुकता लागला होता, पण अमरावतीचं ऊन पंचांग पाहून थोडंच येतं... या वर्षीची ती पहिली ताटी. दोनच दिवसांपूर्वी चौकटीत बसवलेली, वाळ्याला अजून नीट वासही सुटला नव्हता. टपालवाल्यानं कार्ड हातात न देता ओट्यावर ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेला, तेव्हाच मी काय ते समजले. कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता. असलं कार्ड आमच्यात घरात नेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. मी उन्हात उभी राहून वाचलं. 'मोठीबाई शांत झाल्या' एवढंच पुतण्याच्या अक्षरात, आणि खाली तेरवीची तिथी. कार्डाचे चार तुकडे केले, हात धुतले आणि आत जाऊन बसले. ताटी तशीच अर्धी ओली, अर्धी कोरडी राहिली. संध्याकाळी हे शाळेतून घरी आले आणि म्हणाले, "आज घरात एवढं कसं तापलंय?" तेव्हा मला रडू फुटलं.

मोठीबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. एवढे दिवस रोज ठरवते की आज लिहायला बसायचं, आणि दुपार झाली की चटईवर आडवी होते. खरं सांगायचं तर मी थकले आहे. उन्हाळ्यांनी थकले, आणि एक गोष्ट पोटात धरून धरून त्याहून जास्त थकले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे. मोठीबाईंबद्दल चांगलं शोधायला मला लांब जावं लागणार नाही. पण वर्तमानपत्राच्या या पुरवणीत जागा मी मागून घेतली आहे ती माझी एक चूक सांगण्यासाठी. ती चूक तीस वर्षं त्यांच्या नावानं चालत आली आहे.

माझं माहेर अमरावतीचंच. गावाबाहेर बाबांचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता, आणि पाटाच्या कडेनं त्यांनी वाळा लावला होता. उन्हाळ्याच्या तोंडी त्याच्या मुळ्या खणून काढायच्या, धुवायच्या, बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत सारख्या पसरायच्या आणि दाबून बांधायच्या, हे काम बाबा स्वतः करत. कँपातल्या साहेब लोकांच्या बंगल्यांना त्यांच्या ताट्या जात. कमिशनरसाहेब चिखलदऱ्याला निघून गेले तरी खालचे हापिसर इथंच तापत बसायचे, त्यांना ताट्या लागायच्या. एखादी ताटी कामटी वाकडी झाली म्हणून बाजूला राही, ती आमच्या घराला लागे. वाळ्याचा ओला वास म्हणजेच उन्हाळा, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. पंधराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी अकोल्याहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर असलेल्या, पूर्णेकाठच्या एका गावात नांदायला गेले. काळी कसदार जमीन, भरलं घर, खाणारी नऊ माणसं. कमी काहीच नव्हतं, फक्त पाणी खारं होतं.

खारं म्हणजे किती खारं हे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. घरामागच्या विहिरीला पाणी उदंड, पण त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. ते पाणी ढोरांना, भांड्यांना आणि धुण्याला. पिण्यासाठी आणि डाळीसाठी नदीच्या वाळूत झिरे खणलेले होते. ते वाटीवाटीनं भरायचे. पहाटे दोघीतिघींनी जाऊन पाणी उपसायचं, डोक्यावर आणायचं आणि माजघरातल्या रांजणात ओतायचं. रांजण कमरेइतका, निम्मा जमिनीत पुरलेला. त्याच्यावर लाकडी झाकण आणि झाकणावर नारळाच्या करवंटीचा डवला. त्या डवल्याला सासूबाई आणि मोठीबाई सोडून कुणी हात लावायचा नाही. पाणी मागायचं, त्यांनी द्यायचं.

पहिल्या होळीनंतर मी मोठीबाईंचं 'घर उतरवणं' पाहिलं. हा त्यांचाच शब्द. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला रंग म्हणून जेवढा होता तेवढा खाली उतरवला. लग्नातली मण्यांची तोरणं, लाल काठाची पासोडी, पांघरायचे हिरवे-निळे लेप, तक्क्यांचे खणाचे अभ्रे, सगळं कडुनिंबाचा पाला घालून पेटीत गेलं. त्याच्या जागी जाडेभरडे न रंगवलेले पलंगपोस आले, घरच्याच कापसाचे, दुधावरच्या सायीच्या रंगाचे. अकोटच्या विणकराकडून त्यांनी मुद्दाम बिनरंगाची सतरंजी विणून घेतली होती. शिंदीच्या पानांच्या चटया अंथरल्या गेल्या. बाजांच्या ढिल्या दोऱ्या काढून नव्या अंबाडीच्या वाखानं मोठीबाई स्वतः बाजा विणायला बसल्या. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्यांना त्यांनी तुराट्यांचे तट्टे लावले, आतून शेणानं लिंपलेले, बाहेरून गढीच्या पांढऱ्या मातीनं सारवलेले. दिवस वर आला की सगळं बंद, आणि ऊन कललं की सगळं उघडं. पाण्याचा एक थेंब न वापरता त्यांनी ते घर असं ठेवलं की भर दुपारी बाहेरून आत आलं तर क्षणभर काही दिसायचं नाही, नुसता गारवा लागायचा. मग हळूहळू चटईचा पिवळसर, मातीचा पांढुरका, सुताचा मळकट असे रंग दिसायला लागायचे. मला मात्र ते भकास वाटलं. नवी नवरी होते, हातात हिरव्या बांगड्या... मी विचारलं, "मोठीबाई, थोडा तं रंग ठेवा ना कुठी."

त्या बाज विणताना मानही वर न करता म्हणाल्या, "खाऱ्या पान्यात रंग राह्यते का व? दोन धुन्यात फटक होते. जाचाच हाय तं आनाचा कायले?" मग दोरी ताणत, "डोळ्याले थंड दिसलं पायजे, मंग आंगाले थंड लागते." त्यांचं बोलणं असंच. काठी टेकवल्यासारखं एक वाक्य टाकायचं आणि गप्प व्हायचं. मला त्यांची भीती वाटायची.

वैशाखाच्या सुरुवातीला बाबांनी गाडीवानाबरोबर दोन ताट्या धाडल्या, एक दाराची, एक खिडकीची. गोणपाटात गुंडाळून, वर 'सुभद्रेच्या खोलीसाठी' असा निरोप. मोठीबाईंनी गोणपाट सोडला, हात फिरवून बांधणी पाहिली. बांधणी त्यांना आवडली, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं. पण तोंडानं म्हणाल्या, "तुह्या बापानं हे गवत कायले धाडलं व? मानसाले प्याले पानी नाही, अन् गवताले काय पाजतं?"

"हिरीचं पाजीन," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि काही बोलल्या नाहीत. आता वाटतं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं... पण मी ऐकलं नसतं हेही खरं. मी चार-पाच दिवस विहिरीचं पाणी मारलं. पहिल्या दिवशी बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मुळ्यांवर पांढरा थर धरला. पाचव्या दिवशी ताटी कडक झाली, हात लावला की मुळ्या मोडून पडायच्या आणि वासाच्या जागी मिठागरासारखा उग्र दर्प यायचा. अमरावतीच्या गोड्या पाण्यावर वाढलेल्या पोरीलाच अशी अक्कल सुचू शकते. मोठीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मीठ तं लावून झालं धाकटे. आता कैऱ्या आन, लोनचंच घालू." आजूबाजूच्या बायका खदखदून हसल्या. मीही हसल्यासारखं केलं आणि आत जाऊन रडले. दाराची ताटी वाया गेली होती. खिडकीची मी अजून सोडलीच नव्हती, ती गोणपाटात तशीच होती.

आठच दिवसांनी निरोप आला की बाबा येताहेत. लग्नानंतर पहिल्यांदा. अकोल्याला काही कामासाठी उतरणार होते, तिथून दुपारपर्यंत आमच्याकडे आणि संध्याकाळी परत. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. बाबांनी आपल्या हातानं बांधलेली ताटी माझ्या खोलीला लागलेली दिसली पाहिजे, आणि तिला वास सुटलेला असला पाहिजे. नाहीतर ते काय म्हणतील, पोरीनं आपलं देणं कोपऱ्यात टाकलं... त्या दिवशी सकाळी सासूबाई मंदिरात गेल्या, मोठीबाई गोठ्यात होत्या, पुरुष माणसं वावरात. मी उरलेली ताटी खिडकीला बसवली आणि माजघरात जाऊन रांजणाचं झाकण काढलं. कोरडी मुळी पाणी किती पिते याचा अंदाज मला असायला हवा होता, मी त्यातच वाढले होते. पण एक तांब्या मारला की वाटायचं, आणखी एक मारला तर वास सुटेल. तांब्यामागून तांब्या गेला. वास सुटला तेव्हा रांजणाच्या तळाशी गाळ दिसत होता. मी झाकण लावून टाकलं. मनाशी म्हटलं, संध्याकाळी झिऱ्यावर जाऊन भरून टाकीन, कुणाला कळणार आहे.

बाबा भर बाराला आले, घामानं निथळत, डोक्याचा रुमाल ओला. ह्यांनी त्यांना थेट माझ्या खोलीतच आणलं. ते आत आले, थांबले, डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास घेतला. मग कोऱ्या सतरंजीवर बसले, हात टेकवून इकडेतिकडे पाहत म्हणाले, "वा! साहेबाच्या बंगल्यात काय हाय, तुह्या खोलीपुढं! खोली ठेवावी तं अशी." मी फुलून गेले. आणि मग ते म्हणाले, "पोरी, तांब्याभर पानी आन. घसा सुकला."

मी हलले नाही. मंदिरातून परतलेल्या सासूबाईच उठल्या. व्याह्यांना पाणी द्यायचा मान त्यांचा. माजघरातून झाकण सरकवल्याचा आवाज आला, मग डवला कोरड्या तळावर घासल्याचा, आणि मग त्यांचा आवाज, जो खोलीत स्पष्ट ऐकू आला. "रांजन कोरडा! व्याही घरात बसले अन् घरात घोटभर पानी नाही! कोनाचं काम हाय हे?"

मोठीबाई तेवढ्यात गोठ्यातून आत आल्या होत्या. त्या माझ्या खोलीच्या दाराशी थांबल्या. वाळ्याच्या वासात उभ्या होत्या. खाऱ्या पाण्यानं तो वास सुटत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंचं नाक तपकिरीनं कधीच कामातून गेलं होतं, त्यांना काही कळलं नाही. मोठीबाईंनी ताटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. आणि माजघरात जाऊन म्हणाल्या, "म्या उपसला आत्याबाई. घासाले म्हनून उपसला. पावने येनार हायत हे ध्यानातच नाही राह्यलं."

सासूबाई काय काय बोलल्या ते इथं लिहीत नाही. त्यात मोठीबाईंच्या माहेराचा उद्धार होता. शेजारून पाणी मागायचं तर तेव्हा सगळ्यांचेच रांजण दुपारपर्यंत तळाला जायचे. बाबांना गूळ आणि वाटीभर दूध दिलं. मोठीबाईंनी घागर उचलली आणि त्या उन्हात झिऱ्यावर गेल्या. वाळूत त्या वेळी पाय ठेववत नाही. झिरा भरायला किती वेळ लागला असेल देव जाणे, त्या परतल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. आधी त्यांनी बाबांना पाणी दिलं. बाबांनी तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि वडिलकीच्या नात्यानं, चांगल्या मनानं म्हणाले, "बाई, जरा सांभाळून करत जा." मोठीबाई म्हणाल्या, "हो बाप्पा." त्यांच्या पावलांना फोड आले होते. मी दाराला टेकून उभी होते. तोंड उघडायला तीच वेळ होती. मी उघडलं नाही.

संध्याकाळी गाडीत बसताना बाबा मला हळूच म्हणाले, "तुही मोठी जाऊ जराशी धांदरट हाय. तू ध्यान देत जा." पुढं ते आठ-दहा वर्षं जगले. दर वेळी माहेरी गेले की विचारायचे, "काय म्हन्ते तुही धांदरट जाऊ?" त्यांनाही मी कधी खरं सांगितलं नाही. तोच समज घेऊन ते गेले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सगळ्यांसमोर डवला उचलला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, आजपासून पाणी धाकटी देईल, मोठीनं रांजणाला हात लावायचा नाही. घरात आलेल्या सुनेला सहा महिन्यांत पाण्याचा हात मिळाला म्हणून बायका माझं कौतुक करायला लागल्या. आणि ज्या बाईनं आठ-नऊ वर्षं ते घर उन्हापासून राखलं होतं, ती रोज दुपारी माझ्यासमोर तांब्या धरून म्हणायची, "धाकटे, पानी दे व." हे सासूबाई जिवंत होत्या तोवर चाललं. नऊ वर्षं. मी पाणी द्यायची तेव्हा काठोकाठ द्यायची. दुसरं काही देण्याची माझी हिंमत नव्हती. मोठीबाई त्यातलं थोडं परत रांजणात ओतायच्या आणि जायच्या. त्या ओतण्याचा आवाज मला अजून नको वाटतो.

त्या काही देवमाणूस नव्हत्या. कधी कधी चिमटा काढायच्या. मी सतरंजीवर काही सांडलं की म्हणायच्या, "धाकटीच्या हातून सांडत नाही काही, सांडते ते माह्याच हातून." आजूबाजूचे हसायचे, कारण त्यांना वाटायचं मोठीबाई स्वतःवरच विनोद करताहेत. पण मी बाजेची दोरी ओढून ओढून हात सोलून घेतले तेव्हा मला बाज विणायला त्यांनीच शिकवलं. कोणत्या खिडकीचा तट्टा कधी काढायचा, चटई कोणत्या अंगानं अंथरायची, कोऱ्या कापडाला पहिलं धुणं गोड्या पाण्याचंच का द्यायचं, हे सगळं त्यांचंच. पुढं ह्यांना अमरावतीच्या शाळेत जागा मिळाली आणि आम्ही इकडे आलो. माझ्या घरी येणारे आज म्हणतात, उन्हाळ्यात तुमच्याकडे कसं शांत वाटतं. ते मोठीबाईंचं घर आहे. मी फक्त त्याला एक ताटी जोडली, इथं पाणी गोडं आहे म्हणून.

सासूबाई गेल्या त्यानंतर मी डवला मोठीबाईंसमोर धरला होता. त्यांनी घेतला नाही. "राहू दे तुह्याच जवळ. मले मांगून प्याची सवय झाली," म्हणाल्या. मला वाटलं होतं, डवला परत केला की सुटले. सुटले नाही.

शेवटची भेट यंदाच्या होळीनंतरची. त्या अंथरुणाला लागल्याचं कळलं म्हणून मी चार दिवस गेले होते. अकोल्याला गाडीतून उतरून फलाटावरच्या उन्हात बसले होते, तेव्हाच ठरवलं, या वेळी सांगायचं. घरी पोचले तर त्या सुनेला, कुसुमला, पलंगावरूनच हुकूम सोडत होत्या. तट्टा खाली घे, ती चटई काढ, तिला वाळवी लागली आहे. त्यांचं घर उतरवणं चालू होतं. कुसुम पाणी आणायला नदीवर गेली, तेव्हा मी त्यांच्या बाजेजवळ बसले आणि म्हणाले, "मोठीबाई, त्या दिवशीचं पानी..."

त्या डोळे मिटून होत्या. "गवतानं पेलं," म्हणाल्या.

मी म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं आणि मी कधी तोंड उघडलं नाही. तेव्हा त्यांनी डोळे उघडले. आवाज बारीक झाला होता पण बोलणं तेच. "तुह्यासाठी कायले करीन व? तुहा तं मले राग आला होता. तुह्या बापासाठी केलं." मग थांबत थांबत त्यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे वडील वरूडकडचे, दुसऱ्याच्या बागेत राबणारे. लग्नानंतर एकदाच लेकीला पाहायला आले. चार दिवस पायी चालून. त्यांना अंगणातच बसवलं आणि विहिरीचं पाणी दिलं. "मी दारात उभी. नवी होती, बोलता नाही आलं. बाबानं एक घोट घेतला, तांब्या खाली ठेवला अन् मले म्हने, 'गोड हाय पोरी तुह्या घरचं पानी'..." मग म्हणाल्या, "तुहा बाप गवताच्या वासानं येवढा खूश झाला होता. त्याले कसं कळू द्याचं का त्याच्या पोरीनं काय केलं?"

"मंग नऊ वर्षं तुमी रोज..."

"राग तं येच. रोज ये. मंग रागबी थकते."

मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगते. त्या म्हणाल्या, "सांग. पन मी गेल्यावर सांग. आता सांगशीन तं म्हनतीन, म्हातारीनं मरता मरता वदवून घेतलं." आणि पाणी मागितलं. मी त्यांना पाजलं. त्यांनी या वेळी परत काही ओतलं नाही, तेवढी ताकदही नव्हती.

तेरवीला मी गेले. पाहुण्यांची जेवणं आटोपल्यावर घरातल्या आणि शेजारच्या बायका त्यांच्याच खोलीत टेकल्या होत्या. तट्टे लागलेले, सतरंजी अंथरलेली. कुणीतरी मोठीबाईंच्या आठवणी काढत होतं. तेवढ्यात एका बाईच्या हातून वाटी कलंडली आणि ताक चटईवर गेलं. कोपऱ्यातून कुणीतरी सहज म्हणालं, "झाली मोठीबाई!" सगळ्या हसल्या. मला काही कळेना. कुसुमनं सांगितलं, "काकू, आमच्या घरात काही सांडलं का असंच म्हन्तेत. आमच्या आत्याबाईनं मांगं रांजन रिता केला होता ना, त्याच्यावरून. आता तं शेजारीबी म्हन्तेत." मी अमरावतीला राहायला आल्यानंतर त्या घरात ही म्हण पडली होती. मोठीबाईंच्या कानांवर हे रोज पडत असणार. त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मी तिथंच, ताक पुसायच्याही आधी, सगळं सांगितलं. रांजण, ताटी, बाबा, सासूबाईंनी दिलेला डवला, सगळं. एक म्हातारी शेजारीण म्हणाली, "जाऊ द्या बाई, आता कायले? गेली थे." दुसरीनं विषय बदलला. तीस वर्षं जी गोष्ट मी छातीवर दगडासारखी बाळगली, ती ऐकून बायका पान लावायला लागल्या. मी इतकी थकून गेले की भिंतीला टेकून तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सकाळी कुसुम झिऱ्यावरून आली आणि रांजणात घागर ओतू लागली. तिची पकड सुटली आणि पाण्याचा एक लोट बाहेर, शिंदीच्या चटईवर आला. "बाई व, झाली मोठी..." ती अर्ध्यावर थांबली. माझ्याकडे पाहून ओशाळली.

मी म्हटलं, "धाकटी झाली म्हन."

"कसं म्हनू काकू? तुमी मोठ्या हा."

"म्हन. अन् सगळ्याइले म्हनाले लाव."

ती खाली मान घालून पुटपुटली, "धाकटी झाली." मग काय वाटलं कुणास ठाऊक, घागर बाजूला ठेवून तिनं तेच पुन्हा, मोठ्यानं, ओसरीवर बसलेल्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. बाहेरून कुणीतरी विचारलं, "कोन झाली?" कुसुम म्हणाली, "धाकटी!"

मी खाली बसले आणि पदरानं चटई टिपायला लागले.